बाबा, माईक आणि हातभर अंतर

बाबांच्या छातीत पेसमेकर बसला आणि आमचं घर एकदम पणजोबांच्या काळात गेलं. आईने मायक्रोवेव्हवर चादर टाकली. इंडक्शनची शेगडी माझ्या पलंगाखाली सरकवली, जणू काही ती फुटणारच आहे आणि फुटली तर माझ्याखाली फुटलेली बरी. भात पुन्हा कोळशाच्या चुलीवर. टीव्ही लावला की बाबांनी अंगणात जायचं आणि खिडकीतून बघायचं. आवाज वाढवायचा असेल तर मला हाक मारायची, कारण रिमोट बाबांच्या हातात नको.

"रिमोटमध्ये काय असतं?" मी विचारलं.

"किरणं," आई म्हणाली. "ती कुठे जातात कुणाला माहीत."

"टीव्हीत जातात, मे."

"आणि मध्ये पो बसलेले असले तर?"

आमच्याकडे आईला मे म्हणतात, बाबांना पो, आणि ते दोघं एकमेकांनाही तेच म्हणतात. मला सगळे ऑड म्हणतात. ऑड म्हणजे बेडकाचं पिल्लू. लहानपणी मी तसाच दिसायचो म्हणे.

घरी सोडताना डॉक्टरांनी सगळं नीट समजावलं होतं, खोटं कशाला बोलू. पण बाबा तेव्हा अर्धे झोपेत, मी गाडी काढायला गेलेलो, आणि आई "मोबाईल जरा जपून" एवढं ऐकूनच इतकी घाबरली की पुढचं तिच्या कानात शिरलंच नाही.

चूल, चादर, खिडकी, हे सगळं चाललं असतं. खरा प्रश्न माईकचा होता.

माझे बाबा, लुंग सनान. लुंग म्हणजे काका, आणि नान नदीच्या दोन्ही काठांवर ते सगळ्यांचेच काका. पावसाळा संपत आला की आमच्या विहारासमोर लांब बोटींच्या शर्यती होतात. एकेका बोटीत पन्नासच्या वर वल्हेकरी. शर्यत बघायला लोक येतात खरे, पण माईकवरचं बाबांचं समालोचन ऐकायला जास्त येतात. बाबांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की बोटी वल्ह्यांनी पुढे जातात की टोमण्यांनी, तेच कळत नाही. "हिरवी बोट मागून आली, आली, आणि हे निळ्या बोटीतले शेवटचे दोघे, अरे वल्हं पाण्यात घाला, हवा काय ढवळताय, सासुरवाडी काठावर उभी आहे तुमची."

विहाराचे थोरले भन्ते, लुआंग पो, यांनी निरोप धाडला. सनान यंदा बोलणार का? नाहीतर जेतला बसवतो.

जेत हा बाबांचाच चेला. मुलगा चांगला आहे, आवाजही बरा, पण विनोद मोबाईलमध्ये बघून सांगतो.

"एकदा तो खुर्चीत बसला की बसला," बाबा आंब्याखाली बसून म्हणाले. "पुढच्या वर्षी मला कोण विचारणार? म्हणतील, काकांना आराम करू दे. मला काय आराम करायचाय? तोंडाला कुठे ऑपरेशन झालंय?"

"मग बोला की," मी म्हणालो.

"अरे, पण हे धडधडतं ना."

आणि खरंच धडधडायचं. इथेच माझी गोची होत होती. आई उगाच घाबरते म्हणून मी हसायचो, पण बाबांचं हृदय आईच्या बाजूने होतं. मोबाईल कानाला लावायला घेतला की ते पळायला लागायचं. फ्रिजमधून पाणी काढायला गेले की तेच. मी एकदा माईक आणून दिला, बंद माईक, वायर कशालाच जोडलेली नाही. माझं शिक्षण म्हणजे यूट्यूब आणि जळलेले ॲम्प्लिफायर, पण बंद माईक कुणाला काही करत नाही एवढं मला कळतं. बाबांनी लेकलाय, म्हणजे गळ्यातला ताईत, मुठीत धरला, कपाळाला लावला, छातीवर दाबला, मंत्र पुटपुटले, दुसऱ्या हातात माईक घेतला, आणि दोन श्वासांत म्हणाले, "बघ, सुरू झालं."

मी मनगट धरून बघितलं. पळत होतं.

लेकलाय आईने आणला होता. डोंगरातल्या एका गुहेतल्या म्हाताऱ्या भन्तेंकडून. काळं लोखंड, अंगठ्याएवढं, चांदीच्या कोंदणात. ते जिवंत असतं, बंदुकीची गोळीसुद्धा वळवतं आणि मध खातं, असं आमच्याकडे मानतात. आई रोज सकाळी त्याला मधाचं बोट लावायची. लांब साखळीत ते बाबांच्या पोटाशी लोंबायचं. विजेच्या कशाच्याही जवळ जायचं झालं की बाबांनी ते वर घ्यायचं आणि डाव्या खांद्याखाली, जिथे कातडीखाली यंत्राचा उंचवटा दिसतो, बरोबर तिथे दाबून धरायचं. संरक्षण जिथे हवं तिथेच नको का? मलाही ते पटलं होतं.

"लेकलाय आहे म्हणून निभावतंय," आई म्हणायची. "नाहीतर काय झालं असतं."

शेवटी मीच दवाखान्यात फोन करून तपासणी अलीकडे आणली. आई फोनपासून लांब, दारात उभी.

दवाखान्यात शिरतानाच तमाशा. आपोआप उघडणाऱ्या काचेच्या दारापाशी बाबा थांबले, लेकलाय छातीला लावला, आत आले आणि पहिल्याच खुर्चीत बसले. "धडधडतंय." दाराने बिचाऱ्याने काय केलं होतं.

डॉक्टर विलाइवान माझ्याहून फार तर दहा वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी बाबांना पलंगावर टेकवलं, तारा लावल्या, यंत्राची बॅटरी बघितली, आतल्या वायरी बघितल्या.

"सगळं उत्तम आहे, लुंग. त्रास काय होतो?"

"मोबाईल घेतला की पळतं."

"घ्या बरं. माझ्यासमोर घ्या."

बाबांनी आईकडे बघितलं. आईने मान हलवली, म्हणजे आधी ते. बाबांनी मूठ कपाळाला लावली, छातीवर नेली, मंत्र म्हटला आणि मोबाईल उचलला. पडद्यावरच्या रेघा एकदम कवायतीला उभ्या राहिल्यासारख्या झाल्या. सारख्या अंतराने, भराभर.

"बघा," आई म्हणाली. तिच्या आवाजात काळजीपेक्षा विजय जास्त होता.

डॉक्टर खुर्ची ओढून जवळ आल्या. "मोबाईल खाली ठेवा."

बाबांनी ठेवला. रेघा तशाच पळत होत्या.

"आता तो छातीवरचा हात काढा."

बाबांनी हात काढला. रेघा सैल पडल्या, नेहमीच्या चालीवर आल्या.

"मोबाईल नको. नुसता हात परत ठेवा."

पळाल्या.

डॉक्टरांनी टेबलावरची कागदाची पिन घेतली आणि बाबांच्या मुठीसमोर धरली. "जरा उघडा." बाबांनी मूठ उघडली. पिन डॉक्टरांच्या बोटातून सुटली आणि लेकलायला जाऊन चिकटली.

मला हसू आवरेना. आईने माझ्या दंडाला चिमटा काढला.

"लोहचुंबक आहे हा," डॉक्टर म्हणाल्या. "चांगला दणकट आहे. पेसमेकरवर चुंबक धरला की तो हृदयाचं ऐकणं थांबवतो आणि ठरलेल्या वेगाने ठोके देत बसतो. चुंबक काढला की परत शहाण्यासारखा वागतो. काही बिघडलेलं नाही. पण हे तिथे धरायचं नाही, लुंग. कधीच नाही."

आई कितीतरी वेळ त्या पिनेकडे बघत होती. मग म्हणाली, "म्हणजे लेकलाय खोटा?"

हा प्रश्न अवघड होता. डॉक्टरांच्या गळ्यातही साखळी दिसत होती, आत काय होतं देव जाणे.

"खोटा कुठे म्हटलं मी, पा," त्या म्हणाल्या. पा म्हणजे मावशी. "ताकद आहे त्यात. तुम्ही बघितलीत ना आत्ता. फक्त ती ताकद या जागेपासून हातभर लांब हवी."

"आणि माईक?" बाबांनी विचारलं. इतका वेळ त्यांच्या पोटात तेवढंच होतं.

"बोला की माईकवर. तोंडासमोर धरा, छातीला टेकवून ठेवू नका, त्यातही छोटा चुंबक असतो. मोठ्या स्पीकरला टेकून बसू नका. जनरेटर चालू असताना त्यावर वाकायचं नाही, हातभर लांब राहायचं. मोबाईल उजव्या कानाला, आणि शर्टाच्या खिशात नको. रिमोट, टीव्ही, फ्रिज, तुमचा तो झाकलेला मायक्रोवेव्ह, खुशाल वापरा."

"इंडक्शन?" आईने विचारलं.

"चालेल. पण चालू असताना लुंगनी वाकून भांड्यात डोकावायचं नाही. दोन फूट लांब."

"तसंही ते स्वयंपाकघरात कधी डोकावलेत?" आई म्हणाली, आणि मला कळलं की आई आता ठीक आहे.

पण लेकलायचं करायचं काय? फेकायचा तर नाहीच, पाप लागेल. पेटीत ठेवला तर रुसेल. बाबा म्हणाले एखाद्या बोटीच्या नाकाला बांधू, तर आई म्हणाली, तुम्ही बोलणार आणि एकाच बोटीला संरक्षण देणार, लोक दगड मारतील. शेवटी ती लुआंग पोंकडे गेली. त्यांनी सगळं ऐकलं आणि पान चघळत म्हणाले, "ज्याला जास्त भीती वाटते त्याने घालावा."

तेव्हापासून तो आईच्या गळ्यात आहे. आणि ती बाबांपासून हातभर लांब. जेवतानासुद्धा. मच्छीचा रस्सा वाढायचा तर भांडं सरकवते. पहिल्या दिवशी बाबा म्हणाले, "लग्नाआधी असंच बसायचो आपण," तर आई लाजली. म्हणजे मला तसं वाटलं.

शर्यतीच्या दिवशी मंडप मीच लावला. स्पीकरचे मनोरे दोन्ही टोकांना. जनरेटर पार विहाराच्या स्वयंपाकघरामागे, वायर जेमतेम पुरली. बाबांची खुर्ची मध्ये. जेतला मी शेजारी बसवलं, पाणी द्यायला.

"लुंग, मधेच दमलात तर मी आहे," जेत म्हणाला.

"मी दमलो तर तू लोकांना मोबाईल वाचून दाखव," बाबा म्हणाले. "बोटी थांबवून ऐकतील."

पहिल्या शर्यतीआधी माईक हातात घेताना त्यांचा दुसरा हात सवयीने पोटाशी गेला. तिथे काही नव्हतं. हात तसाच हवेत राहिला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी उगाच वायरीशी खुडबुड करत होतो. मग त्यांनी तो हात मांडीवर ठेवला आणि माईक तोंडासमोर धरला.

"दोन्ही काठांवरच्या मंडळींनो," ते म्हणाले. एवढंच. काठावरून असा आवाज उठला की पुढचं वाक्य त्यांना पुन्हा म्हणावं लागलं.

दोन शर्यतींच्या मध्ये माईक टेबलावर. चुकून छातीकडे गेला की आई मंडपाच्या खांबापाशी उभी राहून खाकरायची, की लगेच खाली.

अंतिम शर्यतीला आईच्या माहेरची बोट होती. पलीकडच्या काठाची. मला आठवतंय तेव्हापासून ती बोट हरतच आलीय. बाबांनी तिची इतकी वर्षं इतकी टिंगल केलीय की मामा आमच्याकडे जेवायला येत नाही. त्या दिवशी ती शेवटच्या वळणावर पुढे आली आणि बाबांचा आवाज बदलला. टोमणे संपले. "ओढा रे," ते म्हणत होते, "ओढा, ओढा, माझ्या बायकोला तोंड दाखवायचंय मला, ओढा."

जिंकली. अर्ध्या बोटीच्या लांबीने.

आई खांबापासून सुटली ती सरळ मंडपात. मी बघत होतो. बाबांच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर ती कचकन थांबली. साखळी डोक्यावरून काढली, हाताशी जेत होता त्याच्या गळ्यात घातली, त्याला दोन्ही हातांनी मागे ढकललं, आणि मग पुढे होऊन तळवा बाबांच्या डाव्या खांद्याखाली ठेवला. ऐकत राहिली. डोळे मिटून.

"नीट चाललंय," ती म्हणाली. "अगदी नीट चाललंय हो. घाबरायचं नाही आता."

बाबांनी माईक खाली ठेवला नव्हता.

"मे," ते हळूच म्हणाले, "चालू आहे हा."

तेही दोन्ही काठांवर ऐकू गेलं.