वाढलेलं तेल

सकाळी सात वाजता ती गाडी चालू करायची, संध्याकाळी सहाला पुन्हा. गाडी कुठं जायची नाही. पत्र्याच्या शेडखाली, नवऱ्याने शेवटची लावली होती तिथंच उभी राहायची आणि वीस मिनिटं इंजिन धडधडत राहायचं. तेवढ्यात ती स्वयंपाकघराची खिडकी उघडी टाकून ओटा पुसायची, दूध तापवायची. डिझेलचं इंजिन ते, त्याचा आवाज काही गोड नव्हे. जाडसर, सकाळी उठल्या उठल्या माणूस खाकरतो तसा. पण घरात दुसरं खाकरणारं कुणी उरलं नव्हतं.

नवऱ्याला जाऊन अकरा महिने झाले होते. पहिल्याच महिन्यात बॅटरी उतरली, तेव्हा मेकॅनिक येऊन गाडी चालू करून गेला होता. जाता जाता म्हणाला होता, "वहिनी, अधूनमधून चालू करत जा." तेवढं वाक्य तिने पदराला गाठ मारल्यासारखं जपलं. आपल्या माणसाला उभ्या जन्मात जपता आलं नाही असं ज्याला वाटतं, त्याच्या हाती एखादी वस्तू दिली तर तो ती किती जपेल! तिने तर दिवसातून दोन वेळा जपली; डिझेल संपत आलं की कॅनमधून आणून ओतलं.

आणि अकराव्या महिन्यात आवाज बदलला.

"भावजी," तिने मेकॅनिकला फोन केला, "गाडीचा आवाज बसलाय."

"गुळण्या द्या मिठाच्या," मेकॅनिक म्हणाला. पण तासाभरात तो दारात हजर झाला.

नऊ वर्षं ही गाडी त्याच्याच हाताखाली होती. तेल कुठलं घालायचं यावरून त्याचं आणि तिच्या नवऱ्याचं दर वेळी वाजायचं, आणि दर वेळी दोघंही आपलंच खरं झालं असं समजून चहा प्यायचे. आज त्याने चहाला नको म्हटलं. आधी डॅशबोर्डकडे बघितलं. एका दिव्यावर पांढरी चिकटपट्टी लावलेली होती.

"हे काय?"

"पिवळा दिवा लागायचा. नुसता डोळे वटारून बघत बसायचा माझ्याकडं. लावली पट्टी."

"धन्य आहात! म्हणजे ताप आला की थर्मामीटर फोडायचा."

मेकॅनिकने बॉनेट उचललं. तेल मोजायची पट्टी ओढली, पुसली, पुन्हा बुडवून ओढली. मग ती उजेडात धरून पाहिली.

"वहिनी, तेल वाढलंय."

तिचा चेहरा उजळला. "बघा! एक थेंब कमी होऊ दिलं नाही मी. हे असते तर..."

"कमी झालं असतं तर बरं झालं असतं." त्याने बोटावर तेल घेऊन चोळलं, हुंगलं, बोट तिच्यासमोर धरलं. तेल पाण्यासारखं पातळ होतं आणि त्याला डिझेलचा वास येत होता. "इंजिनातलं तेल आपोआप वाढत नसतं. यात डिझेल उतरलंय."

मग तो शेडच्या खांबाला टेकून बोलला, जरा थांबत थांबत, घरातल्या आजाऱ्याबद्दल डॉक्टर बोलतो तसा. उभ्या जागी हे इंजिन नीट तापतच नाही. ओढायला ओझं नाही, गाठायला वेग नाही, मग डिझेल अर्धवट जळतं. उरलेलं पिस्टनच्या कडेने झिरपत खाली तेलात उतरतं. धुराच्या वाटेवर काजळी अडवणारी जाळी असते, ती भरत जाते. ती काजळी जाळायला धूर चांगला तापावा लागतो आणि धूर तापायला रस्ता लागतो. त्यासाठीच तो दिवा विनवत होता.

"आणि तो टर्बो, इंजिनात हवा कोंबणारा," त्याने एका गोगलगाईसारख्या लोखंडी डब्याकडे बोट दाखवलं, "त्याचा दांडा मिनिटाला लाखावर फेरे घेतो. घेतो कशावर? तेलाच्या पापुद्र्यावर. पापुद्राच पातळ झाला तर लोखंड लोखंडाला लागतं. अजून महिना-दोन महिने असंच चाललं असतं तर..."

"म्हणजे मी रोज..." तिने उघड्या बॉनेटखाली बघितलं. मग एकदम उसळली, "तुम्हीच म्हणाला होतात चालू करत जा म्हणून!"

"अधूनमधून म्हणालो होतो, वहिनी."

"एकट्या माणसाचं अधूनमधून किती असतं, भावजी?"

मेकॅनिकने खांद्यावरचं फडकं घेतलं. फडक्याला हात पुसत राहिला, हात स्वच्छ झाले तरी पुसत राहिला. "माझंही चुकलं," तो म्हणाला. "किल्लीचं सांगितलं, रस्त्याचं सांगायचं राहिलं."

तेल बदलता येणार होतं. जाळीही बहुतेक वाचणार होती. पण पुढं? पुढच्या दोनच वाटा होत्या. गाडी चालवणाऱ्या कुणाला तरी देऊन टाकायची, नाहीतर तिने स्वतः चालवायची. आठवड्यातून एकदाच, पण लांब. हायवेला, न थांबता, पाऊण तास जायचं आणि तितकंच यायचं.

"लांब कुठं?" तिने विचारलं.

"माहेरी?"

"माहेरी आता नुसतं कुलूप राहतं."

"लेकीकडं?"

"ती समुद्रापलीकडं. होडीला चाकं लावून द्याल?"

"मग नणंदेकडं जा."

"ती हाकेच्या अंतरावर. आणि तेवढंही जास्तच जवळ आहे."

दोघंही हसले. हसून झाल्यावर मात्र शेडमध्ये एकदम फार जागा झाल्यासारखी वाटली. तिच्याकडं गाडी होती, लायसन होतं, दिवसच्या दिवस होते. फक्त लांब राहणारं कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने तेल बदललं, फिल्टर बदलला, दिव्यावरची चिकटपट्टी काढली आणि तिला म्हणाला, "चला, पहिली फेरी माझ्यासोबत." ती चालवायला बसली. तो पुढच्या दारापाशी आला, दार उघडलं. ती कधीमधी गाडी चालवायची तेव्हा त्याच सीटवर नवरा बसायचा. मेकॅनिकने तिच्याकडं बघितलं, दार हळूच लावलं आणि मागं जाऊन बसला.

"आज मी साहेब," तो म्हणाला. "चला ड्रायव्हर."

हायवेला तिने भीत भीत वेग धरला. "आणखी दाबा," मागून साहेब ओरडत होते, "लोणच्याची बरणी नाही नेत आहात!" अर्ध्या तासाने पिवळा दिवा विझला. तिला मात्र त्याआधीच कळलं होतं. खाकरणं सुटलं होतं. इंजिन एकच लांब सूर धरून चाललं होतं, चढ आला की जरा भरून यायचं, उतार आला की सैल व्हायचं.

"घरात हा आवाज कधी आला नाही," ती म्हणाली.

"घरात मावत नाही तो."

त्यानंतरचे सहा दिवस तिने गाडीला हात लावला नाही. सात वाजायचे. दूध वर यायचं. नळाचा थेंब पडलेला ऐकू यायचा, मग दुसरा थेंब पडेपर्यंत ती थांबून राहायची. तिसऱ्या दिवशी तिने किल्ली उचलली, शेडपर्यंत गेली, दाराला हात लावून तशीच परत आली. वाचवायचं म्हणजे न ऐकता राहायचं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. पाचव्या दिवशी ती ओट्याशी स्वतःच जोरात खाकरली आणि स्वतःच दचकली.

सातव्या दिवशी सकाळी ती एकटीच निघाली. शेजारच्या सीटवर तिने पर्स ठेवली, मग उचलून मागं टाकली. पाऊण तासाने एक डिझेल पंप आला. तिथं वळून परतायचं असं तिने ठरवलं होतं. पंपावरचा पोऱ्या नव्हे, चांगला पिकल्या मिशांचा माणूस नळी घेऊन पुढं आला.

"किती घालू, ताई?"

"नको. टाकी भरलेली आहे."

"मग हवा बघू?"

"हवा पण ठीक आहे."

तो नळी धरून उभा राहिला. "मग थांबलात कशाला?"

"वळायला."

त्याने तिच्याकडं बघितलं, आल्या रस्त्याकडं बघितलं. काय समजला कोण जाणे. "वळायला ही जागा वाईट," तो म्हणाला. "मागून ट्रक येतात भरधाव. पुढं नऊ किलोमीटरवर तळं आहे, तिथं रस्ता ऐसपैस रुंद आहे. तिथं वळा."

"नऊ?"

"नऊच."

तिने पहिला गिअर टाकला.