मंजुळाच्या नावातला ळ

आमच्या खामगावच्या छापखान्यात मोठ्या टाइपात ळ नव्हता. मालकानं तो टाइप जबलपूरच्या एका मोडीत निघालेल्या प्रेसमधून उचलला होता, हिंदीवाला. सस्ता भेटला म्हणून गडी खूश. हिंदीत ळ कोणाले लागते! महाराष्ट्र होऊन दोनएक वर्षं झाली, तरी आमच्या लग्नपत्रिकेतला तुळशीराम लंगडतच होता, कारण मोठ्या अक्षराईच्या मधात आम्ही बारक्या टाइपातला ळ कोंबत होतो. गिऱ्हाईक कुरकुर करे, तर म्या मशीन चालवता चालवता म्हणो, वाचता येते न? मंग झालं.

अक्षरं जुळवाले उकंडराव होते. त्यायची एकुलती एक लेक मंजुळा दुपारी भाकर घेऊन येई अन् त्या पत्रिका पाहून हासे. देऊळघाटले तिचं लग्न जमलं, तवा ती बापाले म्हणे, "बा, माह्या नावात असा लंगडा ळ नोको टाकू." उकंडराव हाव म्हणाले, अन् फसले.

पुण्याले टाइप ओतणाऱ्याईले लिहून त्यायनं एक मोठा ळ मागवला. सारी पत्रिका जुळवून ठेवली, नावात तेवढी एका अक्षराची जागा मोकळी. देऊळघाटहून निरोपावर निरोप, पत्रिका कुठं हायेत म्हणून. म्याही त्यायचं डोकं खाल्लं, का बाप्पा, छापून टाका एकदाची. कायचं ऐकतात! मंजुळा रोज त्या मोकळ्या जागेवर बोट ठेवून विचारे, आला काय म्हणून.

मंग गोठ्यात तिच्या पायात गंजका खिळा घुसला. हळद दाबली अन् पोरगी कामाले लागली. धनुर्वात झाला. दवाखान्यात नेली, पण वाचली नाही.

तिसरा दिवस झाल्यावर टपालानं ळ आला.

तेरवीची पत्रिका छापायची होती. मालक म्हणे, दुसऱ्या कोणाकडून जुळवून घेऊ. उकंडराव हटले नाहीत. लग्नाच्या पत्रिकेतलं नाव त्यायनं तसंच उचललं अन् मोकळ्या जागेत ळ बसवला. बरोब्बर बसला. म्या शाई लावाले गेलो, तर त्यायनं माहा हात धरला.

आमच्याकडं मौतीची पत्रिका घरात ठेवत नाहीत. वाचली का फाडून टाकतात.

"मोतीराम," ते म्हणाले, "लोक तिचं नाव फाडतीन रे."

चिमट्यानं त्यायनं तो ळ काढला अन् बारका घातला. तेरवीच्या पत्रिका तशाच लंगड्या छापल्या. मंग ते खाली बसून लेकरावाणी रडले. म्याही रडलो, लाज कायची.

सारं आटपून म्या मशीन पुसाले घेतलं, तर उकंडराव उठले. नाव परत लग्नाच्या पत्रिकेत नेऊन ठेवलं, नवा ळ बसवला, अन् टाइपाचं ते जड जुळणं माह्यासमोर आणलं.

"एक काढ," ते म्हणाले. "लग्नाची कोणी फाडत नाही."

म्या एकच काढली. तिच्यावरची तारीख अजून यायचीच होती.