वीस अंशांचा उन्हाळा

वर्गात तिला सगळे ताई म्हणत. म्हणणारच! बाकीचे चोविशी-पंचविशीतले आणि ही बेचाळीस वर्षांची. बारा वर्षं थोरल्या भावाच्या ऑफिसात पर्यावरणाचे अहवाल लिहिता लिहिता तिनं संध्याकाळच्या कॉलेजातून कायद्याची पदवी पदरात पाडून घेतली. मग एक दिवस राजीनामा दादाच्या टेबलावर ठेवला आणि पर्यावरण व हवामान कायद्याच्या पदव्युत्तर वर्गात येऊन बसली. दादा तेव्हा चिडला नाही. उलट, "घरात एक वकील असलेला बरा," म्हणाला.

मंगळवारी सकाळी दहाला मॅडमनी क्लिनिकमध्ये एक जाडजूड अहवाल टेबलावर आदळला. क्लिनिक म्हणजे विद्यापीठातली फुकट कायदेशीर मदतीची खोली. तिथं विद्यार्थी खऱ्याखुऱ्या लोकांच्या केसेस तयार करत आणि सही मॅडम करत. त्याच अहवालाच्या जोरावर कापड रंगवण्याच्या एका कारखान्याला दुप्पट वाढायची परवानगी मिळाली होती आणि तिच्याविरुद्ध हरित लवादाकडे अपील करायची मुदत उद्या पाचला संपत होती. अशील होत्या कारखान्याच्या खालच्या अंगाला नदीकाठी रोपवाटिका चालवणाऱ्या बाई. त्या खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या होत्या, जणू कुणी ऊठ म्हणायच्या आत उठता यावं.

"उन्हाळ्यात मी ती नदी चप्पल न काढता ओलांडते," बाई म्हणाल्या. "आणि यात म्हणे लिहिलंय, की भर उन्हाळ्यातही भरपूर पाणी असतं, रंगाचं पाणी सोडलं तरी वाहून जाईल. कुणी मोजलं हो हे?"

"तेच शोधायचंय," मॅडम म्हणाल्या. "आत्ता नदी भरून वाहतेय, उन्हाळा सहा महिने लांब. त्यामुळे आपण मोजू शकत नाही. जे काय आहे ते या कागदातच."

पानं वाटली गेली. ताईच्या वाट्याला आली परिशिष्टं. तिनं पान एकशे तेरा उघडलं आणि तिच्या तोंडचं पाणीच पळालं.

तक्ता तिचा होता. रकान्यांची रुंदी तिची, तळटिपा तिच्या, दशांशानंतर एकच आकडा ठेवायची खोड तिची. अहवालाच्या कव्हरवर नाव मात्र एका मोठ्या कंपनीचं. दादाचं ऑफिस लहान. मोठ्यांकडून तुकड्या-तुकड्यांनी काम येई, आणि आपला तक्ता शेवटी कुणाच्या अहवालात जाऊन बसला ते यांना कधी कळतही नसे. कामाच्या कागदावर 'रंगाचा कारखाना' असं काहीतरी मोघम, नदीला सुद्धा नाव नसायचं. 'नमुना स्थळ क्रमांक तीन', बस्स.

आता आतली गोष्ट सांगायलाच हवी. पाण्याचे नमुने दोनदा घ्यायचे असा नियम; एकदा पाऊस संपल्यावर, एकदा भर उन्हाळ्यात. पण उन्हाळ्यात कधी गाडी नसे, कधी माणूस नसे, आणि वरून तगादा तर रोजचा. मग दादाच्या ऑफिसात 'उन्हाळा करत'. म्हणजे काय, तर पावसानंतरचे आकडे घ्यायचे, नदीच्या प्रवाहाचे सुद्धा, आणि सगळ्यांना शून्य पूर्णांक आठनं गुणायचं. झाला उन्हाळा! त्या वर्षी हा उन्हाळा ताईनं केला होता, पंख्याखाली बसून, दहा मिनिटांत. पीएचचा आकडा गुणायचा नाही एवढं भान तिला राहिलं. पाण्याचं तापमान मात्र गुणाकारात सापडलं. पंचविसाचं झालं वीस. भर उन्हाळ्यात नदी पाच अंशांनी गार! तज्ज्ञांच्या समितीनं पाहिलं, सरकारी अधिकाऱ्यांनी शिक्के मारले, आणि एकाही शहाण्याच्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

तिला बसवेना. ती उठली, पाणी प्यायली, परत बसली, पुन्हा उठून खिडकी उघडली. "ताई, काय चाललंय? मुंग्या चावतायत का?" शेजारच्या दाढीवाल्या पोरानं विचारलं. ती हसली, पण हसू काही ओठांपलीकडे गेलं नाही.

मग तिला वाट सुचली. चूक तर कागदावरच आहे! ती कुणीही दाखवू शकतो. आपण विद्यार्थी म्हणून दाखवली की केसही उभी राहील आणि दादालाही धक्का लागणार नाही. ती ताडकन उठून मॅडमकडे गेली आणि त्या वीस अंशांवर बोट ठेवलं.

"अरे वा!" मॅडमनी चष्मा वर केला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. पण मॅडमचा चेहरा हळूहळू उतरला. "चूक झकास पकडलीस. पण ते काय म्हणतील माहितेय? टायपिंगची चूक. आणि नवीन आकडा टाकून पान बदलून देतील. एका आकड्यानं तक्ता पडत नाही गं. हे मोजलेलंच नाही असं छातीठोक सांगणारं कुणीतरी हवं, त्या ऑफिसातलं. आणि असं कोण स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणार?"

नंतर तरी कुणी नदीवर जाऊन खरंच मोजलं असेल का, एवढं एकच ताईला दादाला विचारायचं होतं. दुपारच्या सुट्टीत ती कुणालाही न सांगता बाहेर पडली, बसमध्ये चढली, एक थांबा आधीच उतरली आणि उरलेलं अंतर जवळजवळ पळत गेली.

ऑफिस होतं तसंच होतं. नमुन्यांच्या रिकाम्या बाटल्यांचे क्रेट, भिंतीवर नकाशे, अकरा माणसं अकरा पडद्यांसमोर. दादा आतल्या केबिनमध्ये डबा खात होता.

"या वकीलसाहेब!" त्यानं खुर्ची ओढून दिली. "आई सगळ्या सोसायटीला सांगत सुटलीय, लेक नद्या वाचवायला शिकतेय म्हणून. तू वाळलीस गं. जेवतेस का काही?"

"दादा, रंगाच्या कारखान्याचा तक्ता. नमुना स्थळ तीन. त्या उन्हाळ्यात आपल्यातलं कुणी गेलं होतं का रे तिकडे? नोंदवही असेल तर बघ ना."

"कसली नोंदवही? तूच तर केला होतास तो उन्हाळा." तो हसला, आणि मग हसता हसता थांबला. "का? कुणी विचारलं?"

आणि तिनं सांगून टाकलं. अपील, उद्याची मुदत, वीस अंश, सगळं. लहानपणापासून तेच होतं. काही सांडलं-मोडलं की आधी दादाला सांगायचं, मग आईच्या समोर जायचं.

दादानं डब्याचं झाकण लावलं. "बरं झालं आधी सांगितलंस. नाहीतर पंचाईत होती. मी वरच्या कंपनीला फोन करतो, उद्या सकाळी सुधारित पान पाठवतो. एकोणतीस टाकू का तीस? तूच टाकून दे ना, तुला बाकीचे आकडे माहितीयत. पाच मिनिटांचं काम."

तो रागावला नव्हता, धमकावत नव्हता. बहिणीनं अडचण आणली आणि तो ती निस्तरत होता, इतकंच. क्लिनिकच्या पहिल्याच आठवड्यात तिनं एका फॉर्मवर सही केली होती, की अशिलाबद्दल बाहेर चकार शब्द काढणार नाही. आणि इथं ती विरुद्ध बाजूच्या केबिनमध्ये बसून त्यांना आपल्या अपिलाला सापडलेलं त्यांच्या अहवालातलं एकमेव भोक दाखवत होती, ते बुजवायला चोवीस तास देऊन!

"दादा, नको पाठवूस ते पान."

"म्हणजे? अकरा माणसं आहेत बाहेर. वरच्यांनी काम काढून घेतलं तर यांनी काय करायचं? आणि तू काय, माझ्यावरच केस करायला शिकायला गेलीस?"

ती उठली आणि बाहेर पडली. स्वतःचा इतका राग तिला उभ्या जन्मात आला नव्हता.

क्लिनिकमध्ये मॅडम आणि रोपवाटिकेच्या बाई अजून कागदांत डोकं घालून बसल्या होत्या. ताईनं दार लावलं आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. तक्ता माझा आहे. मोजलं नव्हतं कुणी. गुणाकार मी केला. आणि आत्ता भावाला सांगून आले.

मॅडमनी समोरचा अहवाल मिटला. मग म्हणाल्या, "भावाला नाही, समोरच्या पक्षाला. कळतंय ना?"

"कळतंय."

"या क्षणापासून तू या केसवर नाहीस. साक्षीदाराला वकिलाच्या टेबलावर बसता येत नाही. आणि फॉर्मवरच्या सहीचं प्रकरण मला विद्यापीठाच्या समितीपुढे न्यावं लागेल. वर्ष जाईल बहुतेक. कदाचित प्रवेशच जाईल. तरी लिहून देणार आहेस?"

ताई बाईंकडे वळली. बाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तुम्ही एकदा तरी आला होतात का आमच्या नदीवर?"

"नाही."

"नाही म्हणे! आणि आम्ही दोन वर्षं ऑफिसांचे उंबरे झिजवतोय, की बघायला तरी या." त्यांचा आवाज चढला आणि मध्येच बसला. "द्या लिहून. आता तरी खरं द्या."

रागावलेल्या माणसासमोर उभं राहणं तिला एका परीनं बरं वाटलं. तिनं कोरा कागद ओढला.

बुधवारी सकाळी नोटरीकडे रांग होती. तिनं प्रतिज्ञापत्र चार वेळा वाचलं, पाचव्यांदा वाचायला घेतलं तेव्हा नोटरीच वैतागला. "बाई, तुमचंच आहे ना? मग करा की सही." तिनं केली. सव्वाअकराला दाढीवाल्या पोरानं सगळा गठ्ठा लवादाच्या खिडकीत सरकवला, शिक्का बसला, पोचपावती हातात आली. पोर तिच्याशी काही बोललं नाही, नुसती मान हलवून गेलं.

ती जिन्यात उभी असताना फोन वाजला. दादा.

"पान तयार आहे," तो म्हणाला. घाईत होता. "एकोणतीस पूर्णांक चार टाकलंय. पाठवायच्या आधी म्हटलं तुला वाचून दाखवावं, अजून काही राहिलं असेल तर..."

"दादा, मी लिहून दिलंय. उन्हाळा कसा केला ते. आत्ताच दाखल झालं."

पलीकडे कुणीतरी प्रिंटर चालू केला होता. "थांबव तो," दादा तिकडे कुणाला तरी म्हणाला.

"माझं नाव आहे त्यात?"

"आहे. आधी माझं, मग तुझं."

"सगळं? मी सांगायचो म्हणून करायचीस, हे पण?"

"हो. आणि तू सांगितलं नसतंस तरी मी केलं असतं, हे पण."

तिला वाटलं तो शिव्या घालेल. घालाव्यात, अशी तिची मनापासून इच्छा होती. ती कठड्याला घट्ट धरून वाट बघत राहिली.

"आईला कोण सांगणार?" शेवटी त्यानं विचारलं.

"मी सांगते. संध्याकाळी येते घरी."

"नको," दादा म्हणाला. "मी सांगतो. तू सांगितलंस तर ती तुझ्याशी बोलणंच टाकेल."

त्यानं फोन ठेवला. कालपासून कोरडी ठणठणीत राहिलेली ताई लवादाच्या जिन्यात मटकन खाली बसली आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची पर्वा न करता हमसून हमसून रडली.