उजवा प्रसाद

उजवा प्रसाद झाला आणि देवळातल्या सगळ्यांनी हात जोडले. गुरुदासनेही जोडले. त्याचा चेहरा तेवढा उतरला होता, पण देवाकडे बघायचं सोडून माणसाच्या तोंडाकडे बघतो कोण!

पाळी गावात ही रीत जुनी. मोठं काम निघालं की देवळात जायचं, गुरवाने देवाच्या अंगावर उजवीकडे-डावीकडे ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. त्यात वावगं काही नाही. शहाणी माणसं आधी मनाशी ठरवतात आणि मग देवाचा आशीर्वाद घेतात. गुरुदासचं उलटं. त्याने मनाशी म्हणून कधी काही ठरवलंच नव्हतं. खाणीच्या गॅरेजात मेकॅनिक म्हणून चिकटायचं का? उजवी. सुविधाचं स्थळ पसंत करायचं का? उजवी, आणि त्याबद्दल सुविधा आजही अधूनमधून देवाला दोन शब्द सुनावते. स्कूटर निळी घेतली, कारण लाल म्हटल्यावर डावी पडली होती. गोकुळदास गुरव एकदा वैतागून म्हणाला होता, "अरे, उद्या पेज खाऊ की पाव, तेही विचारायला येशील!"

या खेपेचा प्रश्न मात्र स्कूटरच्या रंगाचा नव्हता. धाकटा भाऊ रघुनाथ, ज्याची पातळ भाजी खायला डिचोलीच्या बाजारात लोक ताटकळत उभे राहायचे, त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. डायलिसिसने माणूस पिळून निघाला होता. घरात जुळली ती एकट्या गुरुदासची. द्यायची का? देवाने सांगितलं, दे.

झालं, आता फक्त कापाकापी, असं सगळ्यांना वाटलं. पण इस्पितळाची एक अट होती. देणाऱ्याने आधी तिथल्या समुपदेशक बाईंशी बोलायचं आणि त्यांची सही आणायची. बाई म्हणजे पेडण्याची पल्लवी. वय लहान, आवाज मऊ, पण प्रश्न विचारला की उत्तर मिळेपर्यंत हलायची नाही.

"किडनी का देताय, गुरुदासबाब?"

"उजवा प्रसाद झाला."

"देवाचं कळलं. तुमचं काय?"

"माझं काय असणार, मॅडम?" गुरुदास हसला. "खाण बंद पडली तेव्हापासून मी घरापुढच्या बाल्कांवात बसून रस्ता बघतो. मुलगी लग्न होऊन गेली. मी असून नसून सारखाच. एक किडनी गेली काय, दोन गेल्या काय."

त्याला वाटलं, आपण मोठं त्यागाचं बोललो. पल्लवीने पेन खाली ठेवलं.

"मग आज सही करता येणार नाही. ज्याला स्वतःचं जगणंच फुकटचं वाटतं, त्याच्याकडून दान कसं घ्यायचं? पुढच्या आठवड्यात परत या."

गुरुदासच्या अंगाचा तिळपापड झाला. भाऊ तिकडे मरणाच्या दारात, आणि ही कालची पोर तत्त्वज्ञान शिकवते! घरी येऊन त्याने आदळआपट केली. सुविधा भाताची पेज काढत होती, तिने मान वर केली नाही.

"औषध काय दिलं?"

"औषध कसलं? नुसते प्रश्न."

"मग बरोबर आहे," सुविधा म्हणाली. "तुमचं दुखणं तेच आहे."

बातमी डिचोलीला पोचायला कितीसा वेळ लागणार? संध्याकाळी रघुनाथ स्वतः आला, भिंत धरून पायऱ्या चढला. पाणीसुद्धा मोजून प्यायची पाळी आलेला माणूस, पण आवाजाची धार गेली नव्हती.

"दादा, देवाने सांगितलं म्हणून देतोस?"

"मग आणखी कशाला?"

"तर नको मला." रघुनाथ दमून खुर्चीत टेकला. "उद्या तुझं काही दुखलं-खुपलं तर तू माझ्याकडे बघणार, आणि तुझ्या डोळ्यांत दिसणार, मी कुठे दिली, देवाने द्यायला लावली. तसली किडनी पोटात घेऊन मी जगू? त्यापेक्षा मेलेलो बरा."

ज्याला जीव द्यायला निघालो, तोच तो नाकारतो, हे काही गुरुदासच्या हिशेबात नव्हतं. रघुनाथला गाडीत बसवताना त्याच्या दंडाला हात लागला. नुसतं हाड.

पुढच्या आठवड्यात तो पल्लवीसमोर बसला तो भांडायच्या तयारीनेच.

"तुमची ही पद्धत कसली, मॅडम? दुसरे डॉक्टर गोळी देतात, धीर देतात."

"माझी समजूत अशी," पल्लवी म्हणाली, "की मरण आहे, एकटेपण आहे, आणि कशासाठी जगायचं ते आधीपासून कुणी लिहून ठेवलेलं नाही. ते ज्याचं त्याने ठरवायचं आणि ठरवलेलं निस्तरायचं. मी फक्त सोबत बसते. एक विचारू? डावी पडली असती तर?"

खोलीत पंखा फिरत होता. गुरुदासने नखाखालची माती काढायला घेतली. नखाखाली माती नव्हतीच.

"डावी पडली असती तर, गुरुदासबाब?"

"बरं झालं असतं," तो म्हणाला, आणि स्वतःच दचकला.

शब्द गेला तो गेला. मग मागचे सगळेच आले. देवळात उभं राहून तो मनातल्या मनात विनवत होता, डावी पाड रे, डावी पाड. भाऊ मरतोय आणि आपण असलं मागतोय! जनाची नाही तर मनाची तरी! त्याने नखं सोडली आणि वर बघितलं. "भीती वाटते मला. टेबलावरून उठलोच नाही तर?"

"असून नसून सारखाच माणूस, त्याला कसली भीती?"

गुरुदासला स्वतःचंच वाक्य ओळखू आलं.

"कशासाठी उठायचंय?" तिने विचारलं. "घाई नाही."

घाई नव्हतीच. शब्द जुळवत जुळवत तो म्हणाला, हसू नका, पण बंद पडलेलं इंजिन हातात घ्यायचं, उघडायचं, चूक सापडायची आणि मग ते एकदम धडधडायला लागतं ना, ते परत ऐकायचंय. खाण गेली आणि मी पाना हातातच धरला नाही. वाड्यावर सगळ्यांचे पंप बिघडलेले पडलेत. आणि रघू... लहानपणी तो माझ्या मागे मागे ओहोळावर यायचा. त्याने परत बाजारात उभं राहून गिऱ्हाइकांवर ओरडायला पाहिजे. हे बघायला मी पाहिजे. दोघंही पाहिजेत.

पल्लवी काही शिकवायला गेली नाही. एवढंच म्हणाली, "नाही म्हणायचं असलं तरी वाट आहे. तुम्ही सांगा, आम्ही घरच्यांना फक्त कळवतो की देणारा योग्य ठरला नाही. कारण कुणाला कळत नाही. रघुनाथबाबांनाही नाही."

गुरुदासचा जीव एकदम हलका झाला. कुणी बोट दाखवणार नाही! बसमध्ये बसल्यावर मात्र तोच हलकेपणा त्याला खुपायला लागला. म्हणजे पुन्हा तेच. देवाच्या नाहीतर डॉक्टरच्या आड लपायचं. साखळी गाव येईपर्यंत तो खिडकीला डोकं टेकून होता. गाव मागे पडलं आणि त्याने सुविधाला फोन लावला. "रघूला घेऊन देवळात ये."

गोकुळदासने त्याला बघितलं आणि सवयीने पाकळ्या भिजवायला घेतल्या.

"राहू दे," गुरुदास म्हणाला. "आज विचारायचं नाही."

"अरे, एवढं मोठं काम, परत एकदा बघून घे."

"आणि डावी पडली तर? मी तरीही देणारच. मग देवाला उगाच खोटं कशाला पाडायचं?"

गोकुळदासने पाकळ्या खाली ठेवल्या. रघुनाथ खांबाला टेकून उभा होता, त्याने हळूच विचारलं, "दादा, नक्की?"

"नक्की. भीती गेली नाही ते वेगळं." गुरुदास गुरवाकडे वळला. "देवापुढे गाऱ्हाणं घाल. मी सांगतो तसं."

गोकुळदासने हात जोडले आणि आवाज लावला. "बा देवा म्हाराजा! आज ह्यो तुझो गुरुदास आपल्या भावाक किडनी देता..."

"माझ्या मनान देता, म्हण."

"...आपल्या मनान देता, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सुविधाने साथ दिली. देवळात टेकलेल्या दोघाचौघांनीही दिली.

"त्याका भंय वाटता, म्हाराजा," गुरुदासने हळू आवाजात पुढचं सांगितलं. गोकुळदास क्षणभर अडखळला. असलं गाऱ्हाणं त्याने जन्मात घातलं नव्हतं. पण घातलं.

"व्हय म्हाराजा!"

"त्याच्या भावाक बरो कर, म्हाराजा!" गोकुळदासने आवाज चढवला. "आणि त्याकाय जितो, धडधाकट घरी धाड. त्याका अजून जगूचा आसा!"

"व्हय म्हाराजा!" गुरुदास सगळ्यांच्या वरताण ओरडला.