रोझाची सैल झोळी

मित्रांनो, मी एक जुना पाइप आहे. बागेतला नव्हे, आगीच्या बंबावरचा. पाणी आत असलं की फुगायचं आणि नसलं की गुंडाळून पडायचं, एवढंच माझं शिक्षण.

नेदरलँड्समध्ये बेस्ट नावाचं गाव आहे. तिथं मी नोकरीला होतो. या देशात जिकडेतिकडे पाणीच पाणी, आगीला बिचारीला पाय ठेवायला जागा नाही. त्यामुळे माझ्या वाट्याला आगी थोड्या आणि कवायती फार. एकदा मात्र मी एक पेटलेला गोठा विझवला. गाईंनी नंतर माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पुढे मला बारीकसं भोक पडलं. इथं निरोपसमारंभात कॉफीबरोबर एक बिस्किट देतात. एकच. मला तेही मिळालं नाही.

मला गावाबाहेरच्या एका निवाऱ्यात पाठवलं. तिथं प्रयोगशाळांमधून निवृत्त झालेले चिंपांझी राहतात. (त्यांना माकड म्हणू नका. मी एकदा म्हणालो होतो.)

दर शनिवारी तिथं पुण्याची मंजूषा यायची. आठवडाभर ती संगणकाच्या चिप बनवणाऱ्या यंत्रांवर काम करायची. तिथं केसाच्या हजाराव्या भागाएवढी चूक झाली तरी बैठक बोलावतात. शनिवारी ती सायकल दामटत येऊन चिंपांझींची घाण उपसायची आणि म्हणायची, "हा माझा आरामाचा दिवस!"

तिचा जीव रोझावर होता. रोझा म्हणजे तिथली सगळ्यात म्हातारी चिंपांझी. उमेदीची सगळी वर्षं तिनं पिंजऱ्यात, औषधांच्या चाचण्यांत काढली होती. औषधांच्या गाडीची चाकं वाजली की गजांतून हात बाहेर काढायचा, सुई टोचून घ्यायची आणि मग एक द्राक्ष मिळायचं. इथं सुई नव्हती, पण जेवणाच्या गाडीलाही चाकं होतीच. चाकं वाजली की रोझा हात बाहेर काढायची आणि तोंड दुसरीकडे फिरवायची. "आत घे गं बाई हात, कुणी काही करत नाही," असं मंजूषा गजांपलीकडून मराठीत सांगायची. रोझाला डच कळायचं. मराठीचा तिनं विचार चालवला असावा.

आणि ती झोपायची कोपऱ्यात, उघड्या फरशीवर.

"तिचे सांधे सुजलेत," तिथली मुख्य देखभाल करणारी फेम्के म्हणाली. "आणखी एक हिवाळा फरशीवर काढला, तर ती त्यातून उठेल असं मला वाटत नाही."

मंजूषानं रोझाच्या झोळीसाठी मला हेरलं. माझ्या पट्ट्या कापून तिनं त्या आडव्याउभ्या विणल्या. रोझाला पलीकडच्या खोलीत ठेवून मला खोलीतल्या खांबांना बोल्ट मारून टांगलं. ड्रिल धरायला नवऱ्याला, शिरीषला, आणलं होतं. मंजूषानं मला इतकं ताणलं, की माझ्यावर चहाचा कप ठेवला असता तर हिंदकळला नसता.

दार उघडलं. रोझा आली. मला हुंगलं आणि चक्क वर चढली.

"आवडलं की तिला!" शिरीष म्हणाला.

रोझा उताणी झोपली. ताठ. मग तिनं एक हात बाहेर काढला आणि तोंड फिरवलं.

मंजूषा मटकन खाली बसली. "अरे, मी तपासणीचं टेबल बांधलंय."

मग शिरीष म्हणाला, "पण इतकं सपाट कशाला केलंस?"

"लेव्हल लावून केलंय! एका मिलिमीटरचा फरक नाही."

"तेच तर! झोळी आहे का ओटा? आई मला साडीच्या झोळीत घालायची. मधे चांगला खोलगट पोटोबा पाहिजे. बाळ आत हरवलं पाहिजे."

"म्हणून तू अजून सापडत नाहीस!" मंजूषा म्हणाली. पण डोळे पुसून ती पाना शोधायला लागली होती.

मला सैल सोडलं. खरं सांगतो, मला लाज वाटली. आयुष्यभर कडक शिस्तीत राहिलो आणि म्हातारपणी हे पोट सुटलं! रोझा पुन्हा फरशीवर. पानं गळली, बाहेरच्या बर्चच्या झाडांवर धुकं येऊन बसलं, सकाळ कुठली आणि दुपार कुठली तेही कळेनासं झालं.

अशाच एका पांढुरक्या शनिवारी रोझा माझ्याकडे आली. बगलेत गवताचा भारा होता. एक पाय ठेवला. मी खचलो. ती थबकली, मग सगळीच्या सगळी आत आली आणि मी दोन्ही बाजूंनी मिटलो. मित्रांनो, पूर्वी माझ्यातून पाणी वाहायचं. त्या दिवशी माझ्यातून झोप वाहत होती. आम्ही हलत होतो की धुकं हलत होतं, कोण जाणे.

तेवढ्यात चाकं वाजली.

जेवणाची गाडी घेऊन मंजूषाच येत होती. ती जागच्या जागी थांबली. रोझाचा हात हलला. माझ्या काठावरून हळूहळू बाहेर आला, आणि लोंबत राहिला. बोटं सैल होती. तळवा उघडा होता. रोझा घोरत होती.

मंजूषानं गाडी उचलून नेली. चाकं वाजू नयेत म्हणून, एकटीनं, भरलेली!

तो हिवाळा रोझानं माझ्या पोटात काढला, आणि पुढचे दोनही. गेल्या वसंतात ती गेली, झोपेतच. हात तसाच बाहेर होता.

आता मी झिजलोय. फेम्के म्हणते, नव्या पाहुणीसाठी पट्ट्या बदलू या. बदला बापडे. नव्या पट्ट्यांनाही सैल राहायला शिकवा, सुरुवातीला लाज वाटते, मग जमतं. फक्त डाव्या काठावरची एक पट्टी राहू द्या. एका हाताएवढ्या जागेत ती अगदी गुळगुळीत झालीय. मंजूषा दर शनिवारी बोल्ट तपासायला येते, तेव्हा तिथं हात ठेवून उभी राहते. बोल्ट खरं तर टोकांना आहेत.