सहावी तार

त्या आठवड्यात भट्टीच्या उजव्या बाजूचं तेल तिसऱ्यांदा उघडायचं राहिलं, तेव्हा वडनेरे साहेब स्वतः स्टोअरमध्ये आले. सुलाबाई गांगुर्डे बेअरिंगच्या खोक्यांना चिठ्ठ्या चिकटवत बसली होती. साहेबांनी तिच्या टेबलावर दोन्ही हात टेकले.

"सुलाबाई, तुम्ही बनवलेला तो ठोकळा कुठंय?"

तिनं खण उघडला आणि रुमालात गुंडाळलेली वस्तू त्यांच्यापुढे ठेवली.

"चालेल नक्की?"

"टेबलावर चालतोय, साहेब. भट्टीवर कुणी लावून बघितलाय?"

"आज बघू," साहेब म्हणाले. "आता दुसरा इलाज राहिलेला नाही."

१९८३चा मार्च होता. सातपूरच्या सारंग ग्लासमध्ये औषधांच्या बाटल्या बनायच्या, आणि तिथली भट्टी पाच वर्षं एक दिवसही विझली नव्हती. विझवून चालणारच नव्हतं. एकदा गार पडली की आतली काच थिजणार, विटा तडकणार आणि सगळी भट्टी पाडून नव्यानं बांधावी लागणार. या भट्टीत आग एकाच बाजूनं लावून ठेवत नसत. वीस मिनिटं डावीकडून, मग वीस मिनिटं उजवीकडून. बाजू बदलायची याला कामगार पालट म्हणायचे. पालटीच्या वेळी आधी एका बाजूचं तेल बंद व्हायचं, मग हवेची अवजड लोखंडी झडप सरकायची आणि ती जागेवर बसली की दुसऱ्या बाजूचं तेल सुरू व्हायचं.

हा क्रम सांभाळायला एक करडं कपाट होतं, एकसष्ट साली बोटीनं आलेलं. त्याच्या पोटात काळ्या राळेत बंद केलेले अठ्ठावीस ठोकळे होते. आत काय आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. एखादा मेला की फेकायचा आणि स्टोअरमधून नवा आणून लावायचा. आता नवे संपले होते. बनवणाऱ्या कंपनीनं कळवलं होतं की हा माल बनवणं आम्ही केव्हाच बंद केलं. मुंबईहून नवं कपाट यायला अजून वर्ष तरी लागणार होतं.

शेवटचा ठोकळा डिसेंबरात सुलाबाईनंच सही घेऊन दिला होता आणि बदल्यात मेलेला परत घेतला होता. ती स्टोअरमध्ये लागण्याआधी सहा वर्षं नाशिकरोडला रेडिओच्या कारखान्यात जोडणीच्या लाइनीवर होती. तो कारखाना बंद पडला नसता तर अजूनही तिथंच असती. मेलेला ठोकळा हातात घेतल्यावर तिला राहवेना. जेवणाच्या सुट्टीत डबा अर्धा संपवून ती डाग द्यायच्या तापल्या कांडीनं राळ मऊ करायची आणि करवतीच्या तुटक्या पात्यानं खरवडून काढायची. तीन आठवड्यांनी आतले चार ट्रान्झिस्टर उघडे पडले. तिनं सगळं वहीत काढलं आणि मेनरोडवरच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातून आणलेल्या मालात तसाच एक नवा बनवला. इन्स्ट्रुमेंट विभागातल्या पोरांनी "स्टोअरबाईंचा ट्रान्झिस्टर" म्हणून हसून घेतलं. वडनेरे साहेबांनी मात्र तो हातात घेऊन नीट पाहिला होता.

दहा चाळीसची पालट होऊन आग उजवीकडे आली. पुढची पालट अकराला. मधल्या वेळात कपाट बंद करायचं, उजव्या तेलाचा ठोकळा बदलायचा आणि अकराच्या आत कपाट चालू करायचं, असं ठरलं. तोवर तेल हातानं फिरवायच्या कॉकवरून जाणार होतं. त्या कॉकजवळ सहादू उभा राहिला. सहादू सायखेड्याचा, भट्टीवर वीस वर्षं काढलेला. भट्टीच्या तोंडात बघायला डोळ्यांपुढे निळी काच धरायचा आणि त्याच हातानं घाम पुसायचा.

"व्हा सुरू, सुलाबाई," तो ओरडला. "मी हाय हितं."

साहेबांनी खटका पाडला. कपाटावरचे सगळे दिवे एकदम गेले. सुलाबाईनं मागचं दार काढलं आणि तारा सोडवायला लागली. प्रत्येक तारेला नंबरची पितळी चकती होती. पाच तारांच्या चकत्या कपाटाच्या जोडणीच्या नकाशाशी जुळल्या. सहावी तार निघाली तेव्हा तिचा हात थांबला. ती तार लाल कापडाच्या वेष्टनाची होती आणि तिला चकतीच नव्हती.

"साहेब, नकाशात सहा नंबरला काही नाहीये."

साहेबांनी नकाशा उजेडाकडे धरला. "नाहीच आहे. मग सोडून द्या की. कुणीतरी कधीतरी काही करून ठेवलं असेल."

तिनं बॅटरी मारून तारेचा माग काढला. तार कपाटाच्या तळाशी गेली आणि नळीतून थेट भट्टीकडे. मेलेल्या ठोकळ्यात सहाव्या खिळ्याला, म्हणजे सहावी तार लागते त्या टोकाला, आतून एक लहानसा फाटा होता, हे तिला माहीत होतं. नकाशात त्याला काही जोडलेलं नव्हतं, म्हणून नवा बनवताना तिनं तो गाळला होता. दोन दिवस वाचले म्हणून तेव्हा बरंही वाटलं होतं.

ती धावत सहादूकडे गेली. भट्टीजवळ तोंडावर झळ मारत होती.

"सहादूभाऊ, कपाटात एक लाल तार आहे. कुणी टाकली, ठाऊक आहे?"

सहादूनं कॉकवरचा हात न काढता डोकं तिरकं केलं. "भिकन मिस्तरीनं टाकली आसंल. गेला तो आता. यकाहत्तर साली झडप पुरी बसली नव्हती, दोन बोटं फट राह्यली, अन् तेल सुटलं. जाळ बाहेर आला. काळू म्हून पोरगा समोर व्हता, त्याचा सगळा हात भाजला. मंग भिकननं झडपीला बटन बसवलं. म्हनला, झडप बसल्याबिगर आता तेल सुटायचं नाय."

सुलाबाईनं गाळलेला फाटा त्या बटणाचाच होता.

ती परत आली तेव्हा अकराला आठ मिनिटं कमी होती. तिनं साहेबांना सगळं सांगितलं. सांगताना मान वर करवेना.

"असं करा," साहेब घड्याळाकडे बघत म्हणाले, "आत्ता बसवून टाका. संध्याकाळी सहावी जोडू. रोज थोडीच झडप अडते?"

"नाही साहेब. अडलीच तर हा ठोकळा तेल सोडून मोकळा होईल. समोर सहादूभाऊ असतील."

"मग जुना लावा परत!"

"तो आज ना उद्या पुन्हा अडणार. मला पंधरा मिनिटं द्या. याच्यातच फाटा जोडते."

"अकराची पालट कपाट बंद असताना करायची? पूर्ण हातानं?" साहेबांचा आवाज चढला. "काही झालं तर मी वर काय सांगू?"

तोवर कांडीची पिन लावून सुलाबाईनं डब्यातले सुटे भाग रुमालावर ओतले होते. साहेबांनी जाकीट काढून खुर्चीवर टाकलं आणि ते झडप हातानं ओढायच्या साखळीकडे पळाले.

पहिल्या डागाला कथील धरेना, कांडी अजून पुरती तापली नव्हती. सुलाबाई वाट बघत बसली. वाट बघणं सगळ्यात अवघड होतं. बारीक डायोडचा एक पाय तिच्या चिमटीत मोडला. तिनं तो बाजूला टाकून दुसरा घेतला. तिच्याकडे तो शेवटचाच होता.

अकराची घंटा झाली.

"तेल बंद!" सहादू ओरडला, आणि भट्टीचा घोंगावता आवाज एकाएकी पडला. त्या शांततेत साखळीचा खडखडाट तेवढा ऐकू येत होता. साहेब आणि आणखी दोघं ती ओढत होते. झडप सरकली, सरकली, आणि शेवटी कण्हल्यासारखा आवाज करून थांबली.

"झाली!" साहेब ओरडले. "सोडा डावं तेल!"

"नाय झाली!" सहादू वाकून बघत होता. "फट हाय अजून."

"सहादू, आतला लाल उजेड बघ, काळवंडत चाललाय! काच गार पडेल!"

"पडू द्या गार. मी कॉक नाय फिरवायचा."

सुलाबाईच्या हातातली कांडी हवेत राहिली. कपाटाच्या आडून तिला फक्त सहादूची पाठ दिसत होती. त्यानं एका हातानं कॉक घट्ट धरला होता आणि दुसऱ्या हातातल्या घणानं झडपीच्या चौकटीवर ठोके घालत होता. एक. दोन. तिसऱ्या ठोक्याला लोखंड धप्पदिशी बसलं. त्यानं खाली वाकून खात्री करून घेतली आणि मगच कॉक फिरवला. डावीकडून आग आली, आवाज पुन्हा भरला.

सुलाबाईनं मान खाली घातली आणि डाग दिला. या खेपेला कथील नीट पसरलं, चकचकीत बसलं. तिनं फुंकर मारली नाही, आपोआप निवू दिलं. मग ठोकळा जागेवर बसवून एकेक तार जोडली, लाल तार सगळ्यात शेवटी. अकरा सोळाला साहेबांनी खटका वर केला. दिवे आले.

आता अकरा वीसची पालट कपाट स्वतः करणार होतं. सुलाबाई आणि साहेब कपाटासमोर उभे राहिले, सहादू झडपीजवळ. साहेबांचा शर्ट पाठीला चिकटला होता.

डाव्या तेलाचा दिवा विझला. झडप सरकायला लागली. जुन्या हिशेबानं तीस सेकंदांत उजव्या तेलाचा दिवा लागायला हवा होता. सुलाबाई मनात मोजत होती. अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. दिवा लागला नाही. चौतीस. अडतीस.

"गेला तुमचा ठोकळा," साहेब हळूच म्हणाले. त्यांचा हात खटक्याकडे गेला.

"थांबा साहेब."

"किती थांबू?"

"झडप कुठवर आलीय ते विचारा आधी."

साहेबांनी ओरडून विचारलं. भट्टीकडून सहादूचा आवाज आला, "सरकतीय! सरकतीय अजून! आता बसली!"

कपाटात टक्क झालं. उजवा दिवा लागला, आणि उजवीकडून आग धो धो करत आत शिरली. सुलाबाईनं कपाटावर हात टेकला, तर पत्रा इतका तापलेला होता की हात झटकन काढावा लागला.

पुढच्या पालटी त्यांनी दुपारपर्यंत उभं राहून पाहिल्या. एकही अडली नाही. झडपीच्या बुडाशी काजळी साचली होती, म्हणून ती उशिरा बसत होती; ती काजळी दुसऱ्या दिवशी खरवडून काढली.

दुपारी साहेब केबिनमध्ये रिपोर्ट लिहायला बसले. त्यांनी सुलाबाईला बोलावून समोर खुर्ची दिली आणि मजकूर वाचून दाखवला. नकाशात सहावी तार दाखवलेली नव्हती, त्यामुळे वेळ लागला, असं त्यांनी लिहिलं होतं.

"आणखी एक लिहा, साहेब," ती म्हणाली. "सहावा फाटा मला दिसला होता. मीच गाळला होता."

साहेबांनी पेन थांबवलं. "कशाला लिहायचं? तुम्हीच तर जोडलात. हे वर गेलं की तुमच्याबद्दल उलटसुलट बोलतील. आधीच स्टोअरची बाई कपाटाला हात लावते म्हणून..."

"उद्या माझी वही बघून दुसरा कुणी ठोकळा बनवेल. त्यानंही गाळला तर?"

साहेबांनी ती ओळ लिहिली, आणि तिच्याखाली आणखी एक, की उरलेले ठोकळे बनवण्यासाठी श्रीमती गांगुर्डे यांना इन्स्ट्रुमेंट विभागात घ्यावं.

वर बोललेच. बदलीचा कागद चार महिने फिरत राहिला आणि पावसाळ्यात कधीतरी सही होऊन आला. मुंबईचं कपाट येईपर्यंत तिनं आणखी चौदा ठोकळे बनवले. प्रत्येक ठोकळा बसवायच्या आदल्या दिवशी ती सहादूला कपाटामागे बोलवायची, एकेक तार दाखवायची आणि ही कशासाठी टाकली असेल म्हणून विचारायची. सहादूला निम्म्या तारांचं काही ठाऊक नसायचं. "मला काय म्हाईत, बाई," म्हणत तो हसायचा, पण जेवणाची सुट्टी संपेपर्यंत तिथंच उकिडवा बसून राहायचा.