डाव्या तळहातावर

बाळीवेशीतल्या महादेवीचं दुखणं सकाळी जास्त. मनगटं फुगलेली, बोटांचे सांधे आल्याच्या गड्ड्यासारखे गाठाळलेले, उठल्यावर मूठच उघडायची नाही. डॉक्टरांनी संधिवाताची गोळी सकाळी उठल्यावर लगेच, काहीतरी खाऊन घ्यायला सांगितली होती. पण घर लिंगायतांचं. डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा झाल्याशिवाय महादेवीनं लहानपणापासून चहाचा घोट घेतला नव्हता. हात उघडेना म्हणून पूजा लांबायची, पूजेपायी गोळी लांबायची, आणि हात आणखीच आवळत जायचा.

सून धनलक्ष्मी कोमट पाण्याचं पातेलं घेऊन आली.

"अव्वा, आज तरी आधी दोन घास खावा की. देव काय पळून चाललाय व्हय?"

"देव न्हाय पळत, माझी जीभ पळती. आज चहा मागंल, उद्या भजी."

"मलाबी ठेव गं चार भजी!" कट्ट्यावरून प्रभुलिंग, महादेवीचा नवरा, ओरडला. एरवी त्याला हाका ऐकू येत नसत.

महादेवी हसली. हसता हसता मनगट हललं आणि कळ खांद्यापर्यंत गेली.

पाण्यात शेकून हात अर्धामुर्धा उघडला. गळ्यातल्या चांदीच्या डबीतून तिनं लिंग काढलं, तळहातावर ठेवलं. तळहात उतरत्या पत्र्यासारखा कलता झालेला. उजव्या हातानं पळीभर पाणी घालायला गेली तोच मनगट लचकलं आणि लिंग घरंगळलं.

"भुईला लागलं का गं?" महादेवीनं डोळे गच्च मिटून विचारलं.

"न्हाय अव्वा. तुमच्या पदरात हाय."

महादेवी तशीच बसून रडली. प्रभुलिंग आत आला, शेजारी टेकला. "मी धरू का हात?"

"तुमचा हात माज्यापेक्षा लटलटतोय."

"मग मी धरते," धनलक्ष्मी म्हणाली. "लिंगाला न्हाय शिवत. तुमच्या हाताखाली नुसता माझा हात."

"आपली पूजा आपल्या हातावर करायची असती, बाई. दुसऱ्याच्या आधारानं केलेली कुणाची म्हणायची?"

महादेवीनं पुन्हा एकदा बोटं ताणून बघितली. ती जागची हलली नाहीत. पदरातल्या लिंगाकडं ती बराच वेळ बघत राहिली. शेवटी तिनं डावा हात सुनेपुढं केला.

"हळू धर. दाबू नगं."

धनलक्ष्मीनं खालून तळवा लावला. दुखलं, पण हात ठरला. महादेवीनं लिंग पुन्हा तळहातावर ठेवलं, पाणी घातलं, विभूती लावली, बेल वाहिला. आता नजर लिंगावर लावून मंत्र म्हणायचा होता. महादेवीनं ओठ हलवायला सुरुवात केली. पण नजर लिंगावर टिकेना. ती सारखी खाली घसरत होती, सुनेच्या सरळ, मऊ, सगळी बोटं उघडलेल्या हातावर.